कुलपातले टॅब

मारेगावहून मी स्कूटीने झरी जामणी तालुक्यातल्या एका हायस्कुलात गणित शिकवायला जात होते. तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढं मानधन, सुट्ट्यांमध्ये काहीच नाही, आणि पुढच्या जूनमध्ये बोलावतील की नाही ते कुणीच सांगत नाही. त्या शाळेत विज्ञानाच्या शिक्षकाची जागा रिकामी होती. आधीचे सर बदली होऊन गेले आणि नवे 'येऊन राह्यले, येऊन राह्यले' असं ऐकता ऐकता दोन दिवाळ्या निघून गेल्या. विज्ञानाच्या तासाला दहावीची मुलं मैदान झाडायची नाहीतर माझ्यापुढे येऊन बसायची. मी भिंग आणि आरशाचे धडे घरी वाचून जायची आणि वर्गात जमेल तसे सांगायची. मला माहीत होतं की हे शिकवणं नव्हे. मुलांनाही माहीत होतं.

त्यामुळे टॅब येणार असं कळलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मलाच झाला होता. हे मी मुद्दाम सांगते आहे. पुढचं ऐकून लोक म्हणतात, तुमचा पहिल्यापासूनच विरोध असेल. नव्हता. शहरातल्या एका संस्थेने स्वस्तातले टॅब बनवून घेतले होते. प्रत्येक मुलाला एक टॅब, त्यात धडे आणि सरावाची गणितं आधीच भरलेली, आणि आठवड्यातून दोनदा शहरातून कुणीतरी त्याच पडद्यावर समोर बसून गणित-विज्ञान शिकवणार, अडलेलं विचारता येणार. ज्या मुलांच्या आईबापांना तालुक्याच्या गावी शिकवणी लावणं स्वप्नातही शक्य नव्हतं, त्यांना घरबसल्या शिकवणी. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, "आता विज्ञानाचा मास्तर नाही आला तरी चालन."

जुलैत कार्यक्रम झाला. मंडप, सतरंज्या, पाहुण्यांसाठी खुर्च्या. पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की हा टॅब म्हणजे तुमच्या हातात आलेलं जग आहे. मग एकेक मुलगा, एकेक मुलगी मंचावर गेली, हातात खोकं घेतलं, पाहुण्यांशेजारी उभी राहिली, फोटो निघाला. मंचाच्या दुसऱ्या बाजूच्या पायऱ्यांवरून उतरलं की तिथे आमचा शिपाई उभा. तो हातातलं खोकं परत घ्यायचा.

माझ्या वर्गात कोलाम या आदिवासी समाजातली एक मुलगी होती. जंगलाला लागून असलेल्या पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, चालत यायची. घरी कोलामी बोलायची, आमच्याशी वऱ्हाडी, आणि पुस्तकातली मराठी वाचताना जरा अडखळायची. पण समीकरण फळ्यावर लिहून पूर्ण व्हायच्या आत तिचं उत्तर तयार असायचं. तिने पायऱ्या उतरता उतरताच खोकं उघडून आतल्या काचेवर बोट फिरवून पाहिलं होतं. खोकं परत घेतल्यावर ती माझ्याकडे आली.

"मॅडम, हे वापस कायले घेतले?"

"नाव टाकून देतील ना. उद्या-परवा मिळन."

मी खोटं बोलले नाही. मला तसंच वाटत होतं.

ते सगळे टॅब हेडमास्तरांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात गेले आणि कपाटाला कुलूप लागलं. पहिल्या आठवड्यात हेडमास्तर म्हणाले, नोंद करायची आहे. मग म्हणाले, कव्हर येऊ द्या, काच फुटते. मग म्हणाले, पावसाळा आहे, पोट्टे भिजत येतात, टॅबमध्ये पाणी गेलं तर? मी ऑगस्टभर रोज विचारत होते. शेवटी एकदा त्यांचा आवाज चढला.

"मॅडम, फुटला तर कोण भरन? तुमी भरान?"

"सर, ते मुलांचे आहेत. मुलांना दिलेत."

"कागदावर शाळेचे हायेत. मागच्या शाळेत कॉम्प्युटर चोरीले गेलते, तवा माह्या पगारातून कापलं. कोणी इचारलं नाही की बापा तू चोर हायेस का चौकीदार. माही पेन्शन जवळ आली. मले हे लफडं नाही पाह्यजे."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या पगारातून खरंच कापलं होतं. स्टाफरूममध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. मला त्यांची दया आली. पण राग गेला नाही. आजही गेलेला नाही. एका माणसाला एकदा चुकीची शिक्षा झाली, म्हणून त्याने एका आख्ख्या वर्गाला शिक्षा द्यायची, हा कुठला हिशोब?

सप्टेंबरात मला फोन आला. संस्थेच्या ऑफिसातली मुलगी होती. गोड आवाज, स्वच्छ पुणेरी मराठी.

"मॅडम, तुमच्या शाळेतली मुलं लॉगिनच करत नाहीयेत. आमचे शिक्षक वेळेवर येऊन बसतात, समोर कुणीच नसतं. त्यांना शिकण्यात रस नाहीये का?"

मी व्हरांड्यात उभी होते. समोर दहावीची मुलं झाडाखाली बसून, रिकाम्या विज्ञानाच्या तासाला, पुस्तकातल्या आकृत्या वहीत काढत होती. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आपणहून काढत होती.

"ताई, टॅब कपाटात आहेत. कपाटाला कुलूप आहे. मुलं कुठून लॉगिन करतील?"

मग ती म्हणाली, "ओके, मी वर कळवते."

वर म्हणजे कुठे, कुणास ठाऊक. मी पुन्हा दोनदा फोन केला, तेच उत्तर. तिकडे शहरात दिवे लावून, समोर फळा ठेवून शिक्षक बसलेले, इकडे मुलं झाडाखाली बसलेली, आणि मधे एक कुलूप. आणि त्यांच्याकडे काय लिहिलं गेलं असेल? मुलांना रस नाही. आदिवासी भागातल्या मुलांना शिकायचंच नसतं, ही जी समजूत शहरात चहा पिता पिता सांगितली जाते ना, ती अशी तयार होते. मला फोन भिरकावून द्यावासा वाटला. नवऱ्याचं मारेगावच्या स्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे म्हणून नाही भिरकावला; त्याने आधीच एकदा काच बदलून दिली होती.

दिवाळी झाली आणि ती पोडावरची मुलगी शाळेत यायची बंद झाली. मी समजले. कापूस फुटला होता. रविवारी मी गाडी काढली आणि ती जिथे वेचणीला जात होती त्या वावरात धुऱ्याने, म्हणजे बांधावरून गेले. पांढरं शेत, त्यात ओळीने बाया, प्रत्येकीच्या कमरेला वेचलेला कापूस टाकायची ओटी बांधलेली. मुलगी आईच्या शेजारच्या ओळीत होती. मला बघून ती हसली नाही, पळाली नाही. बोंडातला कापूस काढत काढतच बोलली.

"मॅडम, मी शाळा सोडली नाही. वेचणी झाली का येतो."

"तोवर जानेवारी लागन. परीक्षा मार्चात हाय."

"म्हून तर म्हन्तो." तिने हात थांबवले. "थो टॅब मले द्या ना. दुपारच्याले आम्ही जेवाले बसतो धुऱ्यावर, तवा पाहीन. रातच्याले घरी पाहीन. नेटवर्क तिकडं टेकडीजवळ येते, तिथं जाऊन सरले इचारून येईन."

तिची आई काहीतरी कोलामीत बोलली. मुलीने मला सांगितलं, "माय म्हन्ते, फुटू नाही देत. फडक्यात बांधून ठेवीन."

कुणी न मागता ती बाई हमी देत होती. तिच्या मुलीच्या नावाने फोटो काढून झालेली वस्तू मिळावी म्हणून.

मी सोमवारी हेडमास्तरांकडे गेले. सांगितलं, एक टॅब द्या, माझ्या नावावर द्या, मी सही करते. ते म्हणाले, एकाला दिला की बाकीचे मागतात. मी म्हणाले, मागू द्या ना, त्यासाठीच तर आलेत. ते म्हणाले, मॅडम, तुमची नेमणूक कायम नाही, तुमच्या सहीला अर्थ नाही. मी बाहेर आले आणि शाळेच्या नळावर तोंड धुतलं. बराच वेळ धूत राहिले.

जानेवारीत पालकसभा होती. एरवी पालकसभेला चार-दोन माणसं येतात. त्या दिवशी मी वर्गातल्या प्रत्येक मुलाला सांगून ठेवलं होतं की आईला घेऊन ये. वेचणी सरत आली होती, बाया आल्या. हेडमास्तरांनी निकालाची काळजी व्यक्त केली. म्हणाले, तुमची लेकरं अभ्यास करत नाहीत, घरी लक्ष द्या.

मग त्या मुलीची आई उठली. पदर सावरला. तिची वऱ्हाडी थांबत थांबत यायची, पण आवाज कापत नव्हता.

"सर, माही पोरगी येवढीशी होती तवापासून तिच्या हाती इळा हाय. इळ्यानं हात कापते. तवा कोणी म्हन्लं नाही का हिच्या हाती देऊ नका. कुऱ्हाड घेऊन जंगलात जाते, तवाबी कोणी नाही म्हन्लं. अन् हे काचेचं द्याची येळ आली त म्हन्ता फुटन." ती थांबली. "फुटलं त फुटलं. पोरगीची दहावी फुटली त कोण भरन?"

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. असल्या वेळी टाळ्या वाजत नसतात. पण बाकीच्या बाया बोलायला लागल्या. आमच्या पोराचा कुठं हाय? फोटो काढला होता ना? दाखवा. एक म्हातारा उठून सरळ हेडमास्तरांच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहिला. हेडमास्तर माझ्याकडे पाहत होते, जणू हे सगळं मीच लिहून दिलं होतं. मी दिलं नव्हतं. दिलं असतं तर अभिमानाने सांगितलं असतं.

कपाट उघडलं. खोकी बाहेर आली. मुलांनी आपापली नावं शोधून टॅब हातात घेतले, बटणं दाबली, आणि काहीच झालं नाही. सहा महिने न चार्ज करता पडलेले ते स्वस्तातले टॅब मेले होते. काहींची बॅटरी फुगून मागचं झाकण वर आलं होतं. पोडावरच्या मुलीने आपला टॅब उलटा करून पाहिला, पुन्हा सरळ केला, आणि मला विचारलं, "आता?"

मी सगळे पोत्यात भरून मारेगावला आणले. नवरा दुकानातली बाकीची कामं बाजूला ठेवून आठवडाभर त्यांच्यामागे लागला. ज्यांच्या बॅटऱ्या फुगल्या होत्या त्या त्याने काढून टाकल्या, काहींना जुन्या मोबाइलच्या बसवल्या. एकातले भाग दुसऱ्यात घातले. अर्ध्याहून जास्त सुरू झाले. आणि सुरू झाल्यावर पडद्यावर काय आलं? तुमची मुदत संपली आहे. ते टॅब त्या एका अॅपला बांधलेले होते. अॅप बंद तर टॅब म्हणजे पाटीसुद्धा नाही. पाटीवर निदान लिहिता येतं.

मी संस्थेला फोन लावला. या वेळी कुणी मोठे साहेब बोलले. अगदी नम्रपणे.

"मॅडम, तो प्रकल्प डिसेंबरात पूर्ण झाला."

"पूर्ण? साहेब, आमच्या मुलांनी एक दिवस वापरले नाहीत."

"आमच्या बाजूने वाटप पूर्ण झालेलं आहे. फोटो आहेत."

"मग निदान ते खुले करून द्या. आम्ही आमचे धडे टाकतो त्यात."

"तुम्ही करा काही हरकत नाही. आमच्या दृष्टीने ती उपकरणं आता वापरात नाहीत."

मी विचारलं, "इतक्या हलक्या बॅटऱ्या कशाला घातल्या?"

ते म्हणाले, "खर्च कमी ठेवायचा होता, म्हणजे जास्त मुलांपर्यंत पोचता येतं."

हे वाक्य मी कधी विसरणार नाही. स्वस्त वस्तू करायला मी कधीच नाही म्हणणार नाही. स्वस्त झाल्याशिवाय आमच्याकडे काही येतच नाही. पण स्वस्त म्हणजे कसंही, हे कुणी ठरवलं? जिथे वीज जाते, जिथे दुकान लांब आहे, जिथे एक वस्तू चार भावंडांनी वापरायची आहे, तिथे तर यंत्र जास्त दणकट हवं. श्रीमंताच्या मुलाचा टॅब बिघडला तर तो दुसरा आणतो. आमच्या मुलांसाठी मात्र असा बनवायचा की मोजायला पुरेल, वापरायला नाही.

नवऱ्याने टॅब खुले केले. धड्यांचे व्हिडिओ भरले, जे इंटरनेटशिवाय चालतील. पण शिकवणार कोण? विज्ञान मला येत नव्हतं, ते मी आधीच सांगितलं. तेव्हा मला पुसदचे माझे जुने सर आठवले. मी पुसदला मामाकडे राहून शिकले होते. हे सर तिथे विज्ञान शिकवायचे. आता निवृत्त, सत्तरी ओलांडलेले, गुडघे दुखतात म्हणून घरातच. मी फोनवर सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले आणि मग त्यांनी अशी एक शिवी हासडली की मी आयुष्यात त्यांच्या तोंडून ऐकली नव्हती.

"कधी सुरू करायचं?" एवढंच विचारलं.

शाळा सुटल्यावर एका वर्गात आम्ही बसायचो. शाळेत एक जुना टीव्ही होता. त्याला एक टॅब जोडला, माझ्या मोबाइलचं नेट. पुसदच्या घरात सर नातवाच्या टेबलावर भिंग, मेणबत्ती, लिंबू आणि तारा मांडून बसायचे. आवाज तुटायचा, चित्र थांबायचं, आणि सर तिकडून ओरडायचे, "दिसून राह्यलं का? मागच्या बाकावरच्याले दिसून राह्यलं का?" मुलं सुरुवातीला बोलायचीच नाहीत. टीव्हीतल्या माणसाला प्रश्न विचारायचा असतो हे त्यांना खरं वाटत नव्हतं. पहिला प्रश्न त्या पोडावरच्या मुलीने विचारला.

"सर, काच त सरळ हाय. मंग उजेड वाकते काहून?"

सर इतके खूश झाले की खुर्चीतून उठले आणि चित्रात नुसतं त्यांचं पोट दिसायला लागलं. वर्ग हसला. त्या वर्षी त्या वर्गात मी पहिल्यांदा सगळ्यांना एकदम हसताना पाहिलं, आणि त्याच क्षणी मला परत संताप आला. हे जुलैपासून होऊ शकलं असतं. ऑगस्टमध्ये, सप्टेंबरमध्ये, ऑक्टोबरमध्ये. तो प्रश्न तिच्या डोक्यात किती महिने तसाच पडून होता?

परीक्षा झाली. निकाल लागला. मुलगी गणितात वर्गात पहिली आली आणि विज्ञानात थोडक्यात नापास झाली. बाकीची बरीचशी काठावर पास. हेडमास्तरांनी पेढे आणले. मला एक देत म्हणाले, "पाह्यलं मॅडम, निकाल चांगला लागला. उगाच तुमी घाबरत होते."

मी पेढा टेबलावर ठेवला. म्हणाले, "सर, ती नापास नाही झाली. तिला नापास केलं."

त्यांनी पेढ्यांच्या खोक्याचं झाकण लावलं. त्यांना ते कळलं होतं असं मला वाटतं. पण कळणं पुरेसं नसतं.

तिला पॉलिटेक्निकला जायचं होतं. इलेक्ट्रिकल. तिच्या पोडावर वीज दिवसातून मनाला येईल तेव्हा यायची, म्हणून. जुलैच्या फेरपरीक्षेसाठी सरांनी तिला एकटीला शिकवलं. ती टॅब फडक्यात बांधून टेकडीजवळ जायची, पेरणी संपवून, चिखलाच्या पायांनी. सर म्हणायचे, "आज तुह्या मागं बैल दिसला, तो कोणाचा?" ती म्हणायची, "थो आमचा नाही सर, थो फुकटचा शिकून राह्यला." फेरपरीक्षेत ती चांगल्या गुणांनी सुटली. पण निकाल हाती येईपर्यंत पॉलिटेक्निकचे प्रवेश होऊन गेले होते.

मी तिला सांगायला पोडावर गेले. तिला आधीच कळलं होतं. ती रडली नाही. तिची आई रडली. पदराने डोळे पुसत राहिली. मुलगी म्हणाली, "मॅडम, मी मारेगावले अकरावी सायन्स घेतो. मंग इंजिनियरिंगलेच जातो. डिप्लोमा राहू द्या." तिने हे अशा आवाजात सांगितलं की जणू माझीच समजूत काढत होती. लोकांना अशा गोष्टी आवडतात. केवढी जिद्द, म्हणतात. मला तिच्या जिद्दीचं कौतुक करायला सांगू नका. तिच्या वयाच्या शहरातल्या मुलीला जे न मागता मिळतं ते मिळवायला हिला जिद्द लागली, ही कौतुकाची गोष्ट नाही.

त्या जूनमध्ये मला शाळेतून बोलावणं आलं नाही. कारण कुणी सांगितलं नाही. मीही विचारायला गेले नाही. आता नवऱ्याच्या दुकानामागच्या खोलीत वर्ग भरतो. आधी सात-आठ मुली होत्या, आता त्यांची भावंडंही येतात. बिघडलेले, विकायला आलेले, कुणाच्या घरी पडून असलेले टॅब आणि मोबाइल नवरा जुळवून देतो. प्रत्येकाची पाठ वेगळ्या रंगाची. मुलं ते घरी नेतात. एक फुटला. एक नाल्यात पडला. नवरा म्हणाला, पडू दे.

अकरावीतली ती मुलगी कॉलेज सुटल्यावर येते आणि लहान पोरांना अपूर्णांक समजावते, अर्धं कोलामीत, अर्धं वऱ्हाडीत. मला त्यातलं निम्मं कळत नाही, पोरांना मात्र सगळं कळतं. मागच्या आठवड्यात तिने मला सरळ विचारलं, "मॅडम, तुमी अजून काहून चिडून राह्यता? आता त सुरू हाय ना."

मी म्हणाले, "कारण अजून किती शाळांत असंच पडून आहे, ते कुणी पाहिलेलं नाही."

तिने मान हलवली. मग टॅबवर पुसदचे सर दिसायला लागले, चष्मा नाकावर, हातात तांब्याची तार, आणि नेहमीसारखे ओरडायला लागले की आज कोण आलं नाही, आणि का आलं नाही.